मुख्य कार्डधारक

नवी पेठेतल्या 'हविनाळे युनिफॉर्म्स'मध्ये बँकेची मुलगी तीन पत्रकं घेऊन आली. ती तिनं गल्ल्यावर बसलेल्या गुरुशांतच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी उभ्या असलेल्या सिद्धेश्वरीला म्हणाली, "मॅडम, जरा पाणी मिळेल का?"

सिद्धेश्वरीनं पाणी आणून दिलं. दुकानात आलेल्या माणसाला पाणी द्यायचंच असतं, त्यात तिला तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

मुलीचं नाव सोनम. सांगोल्याकडची, बँकेत लागून वर्ष झालेलं. "सर," ती गुरुशांतला सांगत होती, "तुमच्यासारखा वर्षाला साठ-सत्तर लाखांचा खर्च असणाऱ्यांनी साधं कार्ड वापरणं म्हणजे नुकसान आहे. तोच खर्च माइल्सच्या कार्डावर टाका. वर्षाखेरी विमानाची तिकिटं फुकट."

गुरुशांतनं नमुन्याचं काळं, धातूचं कार्ड उचललं आणि गल्ल्याच्या काचेवर टकटक वाजवून पाहिलं. "अक्का, वजन बघ की जरा! ह्याच्यावर विमानतळावर जेवण फुकट, गोल्फ फुकट."

"गोल्फ कोण खेळतंय आपल्यात?" सिद्धेश्वरी म्हणाली. "ती पत्रकं राहू देत इथं. मी वाचते."

ती वाचणार म्हटल्यावर गुरुशांत निर्धास्त झाला. वाचायचं, तपासायचं, भाव करायचा, ही कामं अक्काचीच होती. वडील सिद्रामप्पा गेले तेव्हा दुकानात चार मशिनी होत्या. सासर सोडून सिद्धेश्वरी माहेरी परत आली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. आल्याच्या तिसऱ्या दिवशी ती मशिनीवर बसली. आज अक्कलकोट रोडला बेचाळीस मशिनींचा कारखाना होता. कापड कुठल्या गिरणीतून घ्यायचं, कुठल्या शाळेचा निळा कसला निळा, कुणाची काज-बटणं सुटतात, सगळं तिच्या डोक्यात. गुरुशांत तिच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. तो दुकान बघायचा, शाळांच्या संचालकांना भेटायचा, व्यापाऱ्यांच्या सभांना जायचा. स्वभावानं तो दिलदार होता. कारागिरांना उचल देताना त्यानं कधी हात आखडला नाही. धंदा त्याच्या नावावर होता, कारण वडील गेल्यावर कागद करायला गेला तो, आणि सिद्धेश्वरी त्या दिवशी कटिंग टेबलावर होती.

त्या रविवारी तिनं तिन्ही पत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरली. शेवटच्या पानांवरचं बारीक अक्षर तिनं आई नागम्माचं भिंग घेऊन वाचलं. काळ्या कार्डाची फी डोळे पांढरे करणारी होती, आणि माइल्सचा पाऊस पडायचा तो परदेशातल्या हॉटेलांवर. दुसरं कार्ड पेट्रोलवर आणि सिनेमावर चांगलं होतं, कापडावर त्याचा काही उपयोग नव्हता. तिसरं करडं, दिसायला अगदीच सामान्य. पण दर दोनशे रुपयांच्या खरेदीला चार माइल्स, ते विमान कंपनीकडे एकास एक जाणारे, आणि ठरावीक खर्च झाला की वर्षाची फी माफ. घरभाडं, डिझेल, सरकारी भरणा यांवर मात्र काही नाही.

तिनं सोनमला फोन लावला. माइल्स किती दिवसांत मरतात? महिन्याला काही मर्यादा आहे का? गिरणीनं कार्डावर दोन टक्के जादा लावले तर हातात काय उरतं?

"मॅडम, एवढं तर आमच्या ट्रेनिंगमध्येही नव्हतं," सोनम शेवटी म्हणाली. "विचारून सांगते."

सिद्धेश्वरीनं स्वतःच वाट काढली. भिलवाड्याच्या दोन गिरण्यांना ती साठ दिवसांनी पैसे द्यायची. तिनं त्यांना सांगितलं, "माल निघाला त्या दिवशी कार्डावर पैसे देते, पण वरचे दोन टक्के तुम्ही सोसायचे." दोघांनी आढेवेढे घेतले आणि मान्य केलं. करडं कार्ड ठरलं. धंद्याचा मालक म्हणून मुख्य कार्डधारक गुरुशांत, आणि खरेदी करणारी म्हणून तिला त्याच खात्यावरचं पुरवणी कार्ड. ओटीपी गुरुशांतच्या मोबाइलवर यायचा. दिवसातून तीन-चारदा ती त्याला फोन करायची, तो सहा आकडे सांगायचा आणि फोन ठेवायचा.

माइल्स तिला कशाला हवे होते, तेही तिनं त्याला सांगितलं होतं. आदल्या वर्षी सोलापुरात गणवेशांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं नैरोबीच्या एक गुजराती बाई आल्या होत्या, तिकडच्या पाच शाळांना गणवेश पुरवणाऱ्या. त्यांनी सिद्धेश्वरीनं शिवलेला मुलींचा पिनाफोर, म्हणजे शाळेचा बिनबाह्यांचा फ्रॉक, उलटा करून पाहिला. खालच्या दुमडीत तिनं चार बोटं कापड दडवलं होतं. मूल उंच झालं की एक टीप उसवायची, तोच गणवेश आणखी एक वर्ष चालतो. "यह किसने सोचा?" बाईंनी विचारलं. सिद्धेश्वरीनं हात वर केला, वर्गात करतात तसा. "जानेवारी में आप खुद आइए," बाई म्हणाल्या. "सब स्कूलवालों से मिलवाऊँगी."

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी सिद्धेश्वरीनं पासपोर्ट काढला. मुंबई ते नैरोबी आणि परत, याला किती माइल्स लागतात ते तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. तिकीट विकत घेणं अशक्य होतं असं नाही. पण आपण निवडलेल्या कार्डावर, आपण केलेल्या खरेदीतनं ते निघावं, यात तिला एक वेगळीच मजा वाटत होती. आयुष्यात तिनं शाळा आणि गिरण्या सोडून काही मिळवायचं ठरवलं नव्हतं. हे ठरवलं होतं.

दसरा झाल्यावर एका दुपारी तिनं गुरुशांतला फोन केला. "तम्मा, ते माइल्स विमान कंपनीकडे वळवायचेत. तुझ्या मोबाइलवरनंच होतंय. संध्याकाळी बसू या का?"

"माइल्स?" गुरुशांत म्हणाला. "ते तर वापरले की अक्का. दिवाळीला सिंगापूर! मी, महेश्वरी आणि पोरं. चार तिकिटं, वरचा टॅक्स तेवढा भरला. घरात अजून कुणाला बोललो नाही, आज सांगणार होतो."

सिद्धेश्वरीच्या हातात मापाची टेप होती. ती तिनं टेबलावर ठेवली. "आणि नैरोबी?"

"ते खरंच होतं होय?" तो हसला. वाईट हसणं नव्हतं ते, आणि तेच तिला जास्त लागलं. "मला वाटलं, असंच बोलतीयेस. अगं, तू कुठं जाणार आहेस विमानानं एकटी? तिकडं इंग्लिश लागतंय, काय लागतंय. आणि जायचंच असलं तर तिकीट देतो की मी काढून. कितीचं आहे?"

"देतो?" ती म्हणाली. "कुणाच्या पैशानं देतोस?"

पलीकडे गल्ल्याचा खण आपटल्याचा आवाज आला. मग, "गिऱ्हाईक आलंय, नंतर बोलू," म्हणून त्यानं फोन ठेवला.

ती तशीच रिक्षात बसून बँकेत गेली. कपड्यांवर दोऱ्याचे तुकडे, गळ्यात चष्मा. सोनमनं तिला ओळखलं आणि खुर्ची दिली.

"माझे माइल्स माझ्या नावावर करून घ्यायचेत," सिद्धेश्वरी म्हणाली. "खरेदी सगळी माझ्या कार्डावरनं झालेली आहे. एकेक पावती दाखवते."

सोनमनं मान खाली घातली. "मॅडम, पुरवणी कार्डावरचे माइल्स मुख्य कार्डधारकाचेच असतात. नियमात आहे तसं."

आहे हे सिद्धेश्वरीला माहीत होतं. तिनंच ते भिंगातनं वाचलं होतं आणि पान उलटलं होतं, कारण मुख्य कार्डधारक म्हणजे दुसरंतिसरं कोण नव्हतं, गुरुशांत होता.

"मग मला माझं वेगळं कार्ड द्या. हेच, करडं."

सोनमनं तिचा पॅन नंबर घेतला आणि पुरवणी कार्डाच्या वेळी सीएनं जोडलेले तिचे कागद संगणकावर बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू अवघडला. "मॅडम, तुमचं रिटर्न आहे एक लाख ऐंशी हजाराचं. हविनाळे युनिफॉर्म्समध्ये नोकरी, पगार पंधरा हजार. पद..." ती थांबली.

"वाचा की."

"पॅकिंग हेल्पर."

सिद्धेश्वरीला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी उघडलंय. सोनमनं पडदा तिच्याकडे वळवला. नाव तिचंच होतं. सीएनं कधीतरी कराचं गणित जुळवताना तसं लिहिलं असणार, आणि ती दर वर्षी त्या कागदावर सही करत आली होती. बँकेची पत्रकं वाचायला तिला भिंग सापडलं होतं. घरच्या कागदासाठी ते शोधावं असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. तिला गुरुशांतचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा, आणि मग पुन्हा गुरुशांतचा.

"ह्या उत्पन्नावर एक कार्ड बसतंय," सोनम अगदी हळू आवाजात म्हणाली. "एका सिनेमा तिकिटावर दुसरं मोफत मिळतं."

"नको," सिद्धेश्वरी उठली. "सिनेमाला जायला मला वेळ नसतो. पॅकिंग असतं."

सोनम तिच्यामागोमाग दारापर्यंत आली. "मॅडम, एक सांगू? बँकेकडनं नाही, माझ्याकडनं. भागीदारीचा कागद करून घ्या. तोपर्यंत कुठलीच बँक तुम्हाला ओळखणार नाही."

घरी सगळ्यांना सिंगापूरची बातमी कळलेली होती. पोरं नाचत होती. सिद्धेश्वरीनं मुलांना आत पाठवलं आणि गुरुशांतच्या समोर उभी राहिली.

"धंद्यात अर्धा हिस्सा माझ्या नावावर कर. कागदावर."

"एका तिकिटासाठी एवढं?" गुरुशांत खरोखर चकित झाला होता. "अक्का, मी कधी तुला काही कमी केलंय? मागशील ते मिळतंय की."

"मागायला का लागावं मला? पॅकिंग हेल्पर लिहिलंयत मला तुम्ही. ज्या बाईला मी कामावर ठेवते, तिच्या हुद्द्यावर बसवलंयत."

"ते सीएनं लिहिलंय. टॅक्ससाठी. त्याला काय अर्थ आहे?"

"अर्थ नसता तर बँकेनं मला हाकललं नसतं."

नागम्मा खाटेवरून म्हणाल्या, "सिद्धव्वा, भांडू नको. त्याला बहीण म्हणून सांग, ऐकतो तो."

"अव्वा, बहीण म्हणून एकोणीस वर्षं सांगितलं. नैरोबीचंसुद्धा बहीण म्हणूनच सांगितलं होतं. त्याला वाटलं, असंच बोलतीये."

गुरुशांतनं हात झटकले. "दिवाळीनंतर बघू." आणि तो जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरी सकाळी सातला कारखान्यात गेली नाही. बरोबर दहाला गेली. पुरवणी कार्ड तिनं पाकिटात घालून दुकानात पाठवून दिलं होतं. ती कटिंग टेबलाकडे फिरकली नाही, थेट पॅकिंगच्या टेबलावर जाऊन बसली. शर्ट घ्यायचा, पुठ्ठा घालायचा, बाह्या मागे दुमडायच्या, पिशवीत सरकवायचा. बायका कावऱ्याबावऱ्या झाल्या. कटिंग मास्टर सोमलिंग धावत आला.

"अक्का, हितं का बसलाव? माढ्याच्या शाळेची प्यांट लावायची हाय. कापड कवा येतंय?"

"मालकांना विचारा, मास्टर. मी पॅकिंगला आहे."

"चेष्टा करू नका की."

"चेष्टा नाही. कागदावर तसंच आहे."

गिरण्यांचे फोन आले की ती गुरुशांतचा नंबर द्यायची. सहा वाजले की पर्स उचलून निघायची. पहिले दोन दिवस गुरुशांतनं दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी माढ्याच्या शाळेसाठी त्यानं फोनवर "नेव्ही ब्लू पाठवा" असं सांगून टाकलं. गिरणीत नेव्ही ब्लूच्या अकरा छटा होत्या. त्यांनी विचारलं, त्यानं कुठलासा आकडा सांगितला.

सातव्या दिवशी माल आला. सोमलिंगनं पहिला ताका उलगडला आणि तो हातात धरून पॅकिंगच्या टेबलापाशी आला. "अक्का, हे आपलं न्हाय. लई उजळ हाय. शाळावाले परत पाठवतील."

सिद्धेश्वरीनं नजर वर केली. शेड चुकली होती. आलेले वीसही ताके चुकलेले असणार. उठावं, फोन उचलावा, गिरणीच्या मुनीमजींना झापावं, संध्याकाळच्या आत गाडी परत फिरवावी, असं तिच्या अंगातनं उसळून आलं. तिनं दोन्ही हात शर्टावर दाबून धरले. वडिलांच्या माघारी या कारखान्यातनं एकही चुकीचा रंग बाहेर गेला नव्हता.

"कापून शिवून आल्यावर मी पॅक करीन," ती म्हणाली. तिनं पुढचा शर्ट ओढला.

त्याच दुपारी महेश्वरी, गुरुशांतची बायको, डबा घेऊन कारखान्यात आली. ती इथं सहसा यायची नाही. डबा टेबलावर ठेवून ती म्हणाली, "अक्का, मला वाटलं, तिकिटं यांनी स्वतःच्या पैशानं काढली. नैरोबीचं मला ठाऊकच नव्हतं. मी जाऊ का नको?"

"जा. पोरांनी शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुझ्यावर माझा राग नाही."

महेश्वरीनं मान हलवली, पण गेली नाही. "मला घरी बोलता येत नाही," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पण आज बोलते."

ती काय बोलली ते सिद्धेश्वरीला कधी कळलं नाही. नवव्या दिवशी गुरुशांत कारखान्यात आला. दाढी वाढलेली, दोन्ही हातांत मोबाइल. चाळीस बायका मशिनी थांबवून बघत होत्या.

"अक्का, पुरे झालं. माढ्यावाले ऑर्डर काढून घेतो म्हणतात. गिरणी माल परत घेत नाही. कुठल्यातरी दलालाकडनं घेतलं तर तो वर दोन टक्के लावलालाय. सगळ्यांसमोर माझी अब्रू घालवलालीस तू."

"मी काय केलं? आठ तास पॅकिंग केलं. पंधरा हजारात आणखी काय करायचं असतं?"

"तुझं काय म्हणणं आहे, मी चोर आहे?"

"चोर असतास तर सोपं होतं, गुरू. चोराला माहीत असतं की वस्तू दुसऱ्याची आहे. तुला तेवढंही वाटलं नाही."

त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. मशिनींच्या रांगेतनं कुणीतरी खोकलं.

"तीस टक्के करू," तो शेवटी म्हणाला.

"अर्धा."

"अक्का, मला दोन पोरं आहेत."

"मला नाहीत म्हणून माझं काम कमी झालं का? अर्धा. आणि नैरोबीचं तिकीट आजच्या आज धंद्याच्या खात्यातनं. कामासाठी चाललीये मी, फिरायला नाही."

सोमलिंग मध्येच बोलला, "मालक, हो म्हणा. कापड पडून हाय." सगळ्या बायका हसल्या आणि गुरुशांतला हो म्हणावं लागलं.

सिद्धेश्वरीनं तिथल्या तिथं गिरणीला फोन लावला. वीसपैकी चौदा ताके बदलून मिळाले. उरलेले सहा ताके अजून कारखान्याच्या माळ्यावर पडून आहेत. माढ्याची ऑर्डर चार दिवस उशिरा गेली, पण गेली.

हो म्हणणं वेगळं आणि सही करणं वेगळं, हे तिला पुढच्या तीन महिन्यांत कळलं. दिवाळीत मंडळी सिंगापूरला जाऊन आली. येताना गुरुशांतनं तिच्यासाठी अत्तर आणि चॉकलेटचा मोठा डबा आणला. चॉकलेटं तिनं बायकांना वाटून टाकली. करारनाम्याचं विचारलं की तो म्हणायचा, सीए आजारी आहेत. मग नवा जीएसटी नंबर घ्यावा लागतोय, वेळ लागणार. मग शाळांची वसुली होऊ दे. प्रत्येक वेळी ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

जानेवारीत ती नैरोबीला गेली. इंग्लिश फारसं लागलं नाही. गणवेश उलटा करून दाखवला की लोकांना कळत होतं. दोन शाळांनी मिळून अठराशे नगांची ऑर्डर दिली. फार मोठी नव्हे, पण कागदावर पुरवठादाराचा प्रतिनिधी म्हणून पहिल्यांदा तिचं नाव छापलं गेलं. परत आल्यावर तिनं तो कागद गुरुशांतपुढे ठेवला आणि म्हणाली, "सोमवारपर्यंत सही झाली नाही तर ही ऑर्डर मी दुसऱ्या नावानं शिवीन. जागा बघून ठेवलीये."

जागा तिनं खरोखरच बघितली होती. गुरुशांतनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सीएंना फोन लावला.

सोमवारी सीएंच्या ऑफिसात दोघांच्या सह्या झाल्या. सह्या घेणाऱ्या कारकुनानं सवयीनं सगळे कागद गुरुशांतकडे सरकवले. सिद्धेश्वरीनं ते स्वतःकडे ओढले आणि चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं लागली. कारकून दोनदा उठून चहा पिऊन आला. एका ठिकाणी 'पन्नास'च्या जागी आकड्यात पंचेचाळीस पडलं होतं. टायपिंगची चूक आहे, असं सगळे म्हणाले. तिनं ते पान पुन्हा छापून आणायला लावलं.

परतीच्या रिक्षात बहीण-भाऊ शेजारी बसले होते. नवी पेठ जवळ आल्यावर गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा गुरुशांतनं रिक्षाबाहेर बघतच विचारलं, "झालं ना आता मनासारखं? गेला ना राग?"

"नाही," सिद्धेश्वरी म्हणाली.

तिनं फाइल काखोटीला मारली, रिक्षावाल्याच्या हातात पैसे ठेवले आणि गर्दीतनं चालत दुकानाकडे निघाली.